पुतळ्याच्या हातातले पुस्तक

आंबेडकरी वस्त्यांतल्या पुतळ्यांविषयी मराठी कलासमीक्षकाने आपले मत फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. हे पुतळे श्रद्धेचा विषय असतील, राजकारणाचा असतील, फार तर समाजशास्त्राचा असतील; कलेचा विषय ते नव्हेत. का नव्हेत? तर ते सगळे एकसारखे असतात. तोच निळा कोट, तोच चष्मा, डाव्या हातात तेच पुस्तक, उजव्या हाताचे तेच उंचावलेले बोट. मूर्तिकाराची स्वतःची अशी काही अनुभूती त्यात नसते. साचा एक आणि गावे हजार. असे म्हणणारा समीक्षक दुष्ट असतोच असे नाही. पुष्कळदा तो पुरोगामीही असतो. आमच्यातले शिकलेसवरलेले लोक त्याच्या म्हणण्यावर मान डोलावतात, हे मला अधिक खटकते.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. चित्रकलेचे माझे रीतसर शिक्षण शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांपुरते. तेव्हा चित्रशिल्पाचा अधिकारी म्हणून मी हे लिहीत नाही. पण ‘अनुभूती’, ‘अनन्यता’, ‘प्रतिभा’, ‘उत्स्फूर्तता’ हे शब्द मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे, आणि ते कुठून आले हे मला ठाऊक आहे. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी जी स्वच्छंदतावादी चळवळ झाली, तिच्या पेठेतला हा माल आहे. इंग्रजी कवितेच्या पुस्तकांतून तो आमच्याकडे आला. केशवसुतांनी त्यातला कसदार भाग उचलला. अंत्यजाच्या मुलाचा प्रश्न कवितेत आणण्याचे धाडस त्यांनी केले. पुढे १९२३ साली पुण्यात निघालेल्या रविकिरण मंडळाने कस बाजूला ठेवला आणि उरलेला माल चहाबरोबर वाटला. मग कविता काय, चित्र काय, पुतळा काय, सगळे त्याच मापाने मोजायची सवय लागली.

आंबेडकरी पुतळा या मापाचा नाहीच, असे माझे म्हणणे आहे. तो स्वच्छंदतावादाच्या अगोदरच्या युरोपीय कलेच्या घराण्यातला आहे. ज्ञानोदयाच्या आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षांतली जी कला, तिच्या घराण्यातला. त्या कलेच्या मापाने पाहिले, तर मराठवाड्यातली सर्वांत यशस्वी सार्वजनिक कलाकृती कोणती, याचे उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही.

ती कला कशी होती? १७५१ ते १७७२ या काळात पॅरिसमध्ये दिदेरोने आपला विश्वकोश काढला. मजकुराचे १७ खंड आणि चित्रांचे ११. आमच्या पाठ्यपुस्तकांत या कोशाचा उल्लेख येतो तो मजकुरासाठी. मला चित्रांचे खंड मोठे वाटतात. पानाच्या वरच्या भागात कामाच्या जागेचे दृश्य, माणसे काम करताहेत. खालच्या भागात त्यांची अवजारे एकेक करून मांडलेली. त्यात कातडे कमावणारा आहे, जोडे शिवणारा आहे. घड्याळाचे यंत्र ज्या निगुतीने काढले आहे, त्याच निगुतीने कातड्याचा हौद काढला आहे. आमच्याकडे पोथी आणि कातड्याचा हौद यांच्यात किती अंतर होते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. क्रांती १७८९ साली झाली. पण हौदाला ग्रंथात पान मिळाले ते तिच्या आधी. ही कला माणसाच्या मनातली खळबळ दाखवायला निघालेली नव्हती. ती दाखवीत होती की हे असे आहे, हे असे चालते, आणि हे कुणालाही कळू शकते.

शिल्पातही तेच. उदाँ या फ्रेंच शिल्पकाराने जॉर्ज वॉशिंग्टनचा संगमरवरी पुतळा केला. तोवरची रीत अशी, की थोर माणूस घडवायचा तर त्याला रोमन झगा घालायचा किंवा घोड्यावर बसवायचा. उदाँने त्याला त्याच्या काळाच्या पोशाखात जमिनीवर उभे केले. (हा वॉशिंग्टन गुलाम बाळगून होता, हे पुतळ्याकडे पाहताना विसरायचे कारण नाही.) राजा घोड्यावर असतो, नागरिक पायांवर उभा असतो, एवढा साधा फरक त्या शिल्पात होता, पण युरोपातल्या चौकांना तो नवा होता.

आता मी ज्या चित्रासाठी हे सारे लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो. जिरोदे हा दाविदचा शिष्य. त्याने १७९७ साली झाँ-बातिस्त बेले याचे चित्र काढले. ते आज व्हर्सायच्या राजवाड्यात आहे. बेले हा आफ्रिकेत जन्मलेला, सँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलाम झालेला माणूस. त्याने स्वतःची किंमत चुकती करून स्वतःला सोडवले. १७९३ साली तो फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेवर निवडून गेला, आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी त्या सभेने वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली तेव्हा तो सभागृहात होता. चित्रात तो उभा आहे. अंगात लोकप्रतिनिधीचा कोट, गळ्याशी पांढरे वस्त्र, कमरेला क्रांतीच्या तीन रंगांचा पट्टा. मागे दूरवर त्याच्या बेटाचा देखावा. आणि तो टेकला आहे एका संगमरवरी अर्धपुतळ्याला. गुलामगिरीवर टीका करणारा फ्रेंच विचारवंत रेनाल याचा तो पुतळा.

हे चित्र मी पहिल्यांदा पाहिले ते एका जाड इंग्रजी पुस्तकात, आणि मला आमच्या चौकातला पुतळा आठवला. कोट घातलेला काळा माणूस. ज्याच्या अंगावर कोट असू नये अशी व्यवस्था होती, त्याच्या अंगावरचा कोट. आमच्याकडे अजूनही विचारणारे भेटतात, की बाबासाहेबांना साहेबी पोशाखात का उभे करता, या मातीतला पोशाख का नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत अशी आज्ञा आहे. या मातीतला आमचा पोशाख तो होता. गांधींना अंगावरचे कपडे उतरवून मोठे होता आले, कारण ते उतरवायला त्यांच्या अंगावर होते. पुतळ्याचा निळा कोट हा या आज्ञेला दिलेला जबाब आहे, आणि तो गावातल्या लहान पोरालाही कळतो. कलाकृतीकडून आणखी कोणती अपेक्षा करायची?

पण दोहोंतला फरकही पाहिला पाहिजे. बेले रेनालच्या डोक्याला टेकला आहे. चित्रकाराने रेनालचे कपाळ भव्य केले आहे, दगड पांढराशुभ्र केला आहे. जणू विचार त्या दगडाचा आणि देह या माणसाचा. काळ्या माणसाला स्वातंत्र्य मिळाले, पण ते गोऱ्या तत्त्वज्ञाच्या खांद्याला टेकून, असे ते चित्र नकळत सांगून जाते. ज्ञानोदयाची मर्यादा इथे उघडी पडते. १८०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मारी-गियमीन बेन्वा या चित्रकर्तीने एका काळ्या स्त्रीचे अप्रतिम चित्र मांडले. त्या स्त्रीचे नाव माद्लेन होते हे कळायला २०१९ साल उजाडावे लागले. सव्वादोनशे वर्षे ती नुसती ‘काळी बाई’ होती. आमच्या पुतळ्याशेजारी कुणाचा अर्धपुतळा नाही. हातात जे पुस्तक आहे ते करणाऱ्या मसुदा समितीचा अध्यक्ष तोच माणूस आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उचललेली नाहीत, आपला गुरू बुद्ध याच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात निक्षून सांगितले होते. म्हणून मी पुतळ्याला त्या घराण्यातला म्हणतो तेव्हा नाते कलेच्या भाषेपुरते आहे. विचाराचे मूळ पाहायला पॅरिसला जावे लागत नाही.

तरी एक धागा थेट आहेच. जोतीराव फुल्यांनी १८४७ साली टॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले. हा पेन त्याच राष्ट्रीय सभेचा सभासद होता, चित्रकार दाविदही होता. बेले सभेत पाऊल ठेवीत होता तेव्हा पेन पॅरिसच्याच तुरुंगात पडलेला होता. त्या सभेतला कागद पुण्यापर्यंत यायला पन्नासेक वर्षे लागली. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्याच्या पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली, आणि तिच्यात जोतीरावांच्या पुस्तकांची टिंगल झाली. युरोप दोघांनीही वाचला होता. एकाने त्यातून माणसाचे हक्क घेतले. दुसऱ्याने गतवैभवाची हळहळ घेतली, जी स्वच्छंदतावादाचीच एक शाखा आहे.

चित्रशिल्पात मात्र युरोप आला तो सरकारी मार्गाने. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ साली, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून निघाले. तिथे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून विद्यार्थी हात बसवीत. तिथल्या गणपतराव म्हात्र्यांनी १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ केली. अंगावरचे वस्त्र, पावलाची लय, सारे निर्दोष. देशभर कौतुक झाले. ग्रीक साच्यातून बाहेर पडलेली मराठी बाई कुठे निघाली आहे, तर देवळाला. देऊळ कुणाचे, त्या वाटेने कोण जाऊ शकत होते, हा प्रश्न कौतुक करणाऱ्यांना पडला नाही. १९३० साली नाशिकला काळारामाच्या दाराशी तो रस्त्यावर आला. युरोपातली नागरिकाची मूर्तिकला इथे देवळाच्या वाटेला लागली होती. तिला चौकात आणण्याचे काम दुसऱ्यांनी केले. १९५० साली, बाबासाहेब हयात असतानाच, कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने फुले आणि आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसले. १९६७ साली दिल्लीत संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी केलेला ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा उभा राहिला: पुढे झेपावलेला हात, रोखलेले बोट, दुसऱ्या हातात संविधान. आज गावोगावी जी ठेवण दिसते तिचा सर्वांत परिचित नमुना हाच.

आता एकसारखेपणाच्या आक्षेपाकडे. प्रत्येक कलाकृती अनन्य असावी, ती एकाच प्रतिभावंताच्या एकाच क्षणातून निघावी, ही कल्पना सव्वादोनशे वर्षांपलीकडे जात नाही. १७९३ साली दाविदने खून झालेल्या माराचे चित्र काढले, तेव्हा त्याच्या चित्रशाळेतून त्याच्या प्रतीही निघाल्या, कारण ते एका भिंतीसाठी नव्हते. इतके लांब तरी कशाला जावे? अजिंठ्याच्या ७ क्रमांकाच्या लेण्यात भिंतभर बुद्ध कोरले आहेत, तेच आसन, तोच चेहरा, पुन्हा पुन्हा. तिथे उभा राहून कुणी समीक्षक म्हणत नाही, की शिल्पकाराला अनुभूती नव्हती. तिथे तो मुद्रा म्हणतो, परंपरा म्हणतो, ध्यान म्हणतो. मग बाबासाहेबांचे उंचावलेले बोट ही मुद्रा का नव्हे? फरक एवढाच की अजिंठ्याला आज कुणी राहत नाही, आणि भीमनगरात लोक राहतात.

एवढे बोलून झाल्यावर मी स्वच्छंदतावादाला मोडीत काढीन, अशी कुणाची समजूत झाली असेल तर तसे नाही. त्या कलेने एक गोष्ट केली जी ज्ञानोदयाच्या स्वच्छ, उजळ कलेला जमली नव्हती. तिने बिननावाचा मेलेला माणूस मोठ्या फळीवर आणला. गोयाच्या ‘३ मे १८०८’ या १८१४ सालच्या चित्रात पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस हात पसरून बंदुकांपुढे उभा आहे. गोळ्या घालणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत, नुसत्या पाठी. तो माणूस कोण, हे इतिहासाला ठाऊक नाही. १८१९ साली जेरिकोने ‘मेदुसाचा तराफा’ दाखवला. मेदुसा हे फ्रेंच सरकारी जहाज १८१६ साली आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. अधिकारी होड्यांत बसले, बाकी १४७ माणसांना एका तराफ्यावर चढवले आणि मग तराफ्याचा दोर सोडून दिला. सुटका झाली तेव्हा १५ उरले होते. जेरिकोच्या चित्रात त्या माणसांच्या ढिगाच्या अगदी टोकावर, फडके हलवीत, एक काळा माणूस आहे.

हे चित्र भावनेच्या उमाळ्यातून झाले असे आमचे ‘रोमँटिक’ समजतील. झाले ते असे: जेरिकोने वाचलेल्या माणसांना गाठून जबान्या घेतल्या, सुताराकडून तराफ्याची लहान प्रतिकृती करून घेतली, इस्पितळात जाऊन मरणाऱ्यांचे आणि मेलेल्यांचे अभ्यास काढले. आधी पंचनामा आणि मग चित्र. स्वच्छंदतावादाचे सर्वांत थोर चित्र ज्ञानोदयाच्या पद्धतीने तयार झाले, आणि नेमका हाच भाग मराठीत येताना वाटेत गळाला. आमच्याकडे आला तो समुद्र, वादळ आणि हुंदका.

परभणीत हा मुद्दा पुस्तकी राहिलेला नाही. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात जे जळले, त्यात या जिल्ह्यातल्या गावांना मोठी झळ बसली. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकाजवळच्या पुतळ्यासमोर असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग वस्त्यांतून धरपकड. अटक झालेल्यांतला कायद्याचा एक तरुण विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला.

ज्याने नासधूस केली त्याच्या मनात काय होते, ते न्यायालय पाहील. मी लोकांच्या मनाविषयी बोलतो. १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मेली. तिथे विटंबना झाली होती ती माणसाच्या मूर्तीची. परभणीत मूर्तीला धक्का लागला नव्हता. लोक धावून आले ते पुस्तकासाठी. जगात कायद्याच्या पुस्तकासाठी रस्त्यावर येणारे निरक्षर लोक किती असतील? पुतळ्याच्या हातातली वस्तू ही नुसती शोभा नाही, हे या एका गोष्टीने सिद्ध होते. मात्र काचेच्या पेटीत ठेवलेले पुस्तक पोथी व्हायला वेळ लागत नाही, ही शंकाही मला सोडत नाही. पोथीला हात लावला तर संताप येतो. पुस्तक वाचले जात नाही याचाही संताप यायला हवा, तो येताना दिसत नाही.

आणि त्या मेलेल्या मुलाचे काय? मोर्च्यांच्या फलकांवर त्याचा फोटो आला, ते योग्यच झाले. गोयाने केले तेच काम त्या फोटोने केले. पण आमचे चित्रकार, आमचे कवी त्याच्यामागे वीज, वादळ आणि रक्ताचा सूर्य काढून मोकळे होणार असतील, तर मला जेरिकोची आठवण द्यावी लागेल. कोठडीचे मोजमाप, तारीख, वेळ, शवविच्छेदनाचा कागद, आईची जबानी. यातून जे चित्र होईल ते टिकेल.

कारण दुसरी वाट कुठे जाते हे दाविदने दाखवून ठेवले आहे. माराचे चित्र काढणारा हा माणूस. त्या चित्रात एक मेलेला पत्रकार, हातात पत्र, समोर लाकडी खोके, दौत, लेखणी. वरचा अर्धा कॅनव्हास रिकामा. त्याच दाविदने १८०१ साली नेपोलियनला आल्प्स ओलांडताना काढले: उधळलेला पांढरा घोडा, फडफडणारा झगा, खडकावर जुन्या विजेत्यांच्या नावांशेजारी कोरलेले नाव. प्रत्यक्षात नेपोलियनने ती खिंड खेचरावर बसून, वाटाड्याच्या मागून ओलांडली होती. पुढच्याच वर्षी, १८०२ साली, या घोडेस्वाराने वसाहतींत गुलामगिरी पुन्हा चालू केली. बेले १८०५ साली कैदेत मेला. दौतीकडून घोड्याकडे जायला दाविदला आठ वर्षे पुरली.

१४ एप्रिलचे आमचे फ्लेक्स पाहा. दरवर्षी ढग काळे होत चालले आहेत. मागे सिंह, डोळ्यांत ज्वाळा, बाहू पैलवानाचे, आणि खाली वर्गणीदारांचे गॉगल लावलेले चेहरे. पुस्तक कुठेतरी कोपऱ्यात सरकले आहे. बाबासाहेबांनी १९४३ साली रानड्यांवरच्या व्याख्यानात विभूतिपूजेवर कोरडे ओढले, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीपासून सावध केले. हे आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे, आणि फ्लेक्सची ऑर्डरही तोच देतो. पुतळा हलक्या हाताने केला म्हणून हसणाऱ्या समीक्षकाला मी उत्तर देऊ शकतो. या ढगांचे समर्थन माझ्याच्याने होत नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात जुना सिमेंटचा पुतळा बदलून नवा बसवायचा घाट आहे. तिथल्या समितीतली पोरे माझे जुने विद्यार्थी. “सर, उंची किती घ्यावी?” म्हणून ती मला विचारायला आली. उंचीबद्दल मला सांगण्यासारखे काही नव्हते. मी म्हटले, पुस्तक उघडे घ्या. आजवरच्या बहुतेक पुतळ्यांत ते मिटलेले आहे, छातीशी धरलेले. उघडे असेल तर त्यावर अक्षरे कोरावी लागतील, कोणती कोरायची यावर गावात चर्चा होईल, अनुच्छेद १७ की उद्देशिका, आणि पोरे चौथऱ्यावर चढून ती वाचतील. एक जण म्हणाला, उघड्या पुस्तकात पावसाचे पाणी साचेल. दुसरा म्हणाला, मूर्तिकार अक्षरांचे वेगळे पैसे लावतो. तिसऱ्याचे मत पडले की आजूबाजूच्या गावांत सगळीकडे मिटलेलेच आहे, आपलेच निराळे कसे दिसेल. मी उतार ठेवून पाणी जाईल असे सुचवले आहे. समितीची बैठक पुढल्या पौर्णिमेला आहे.